बारा इंची, आठ ओहम

मुलुंड (पूर्व)
६ जानेवारी २०२५

चि. रुचिका,

अनेक आशीर्वाद. ते तू मागितले नाहीस, पण पत्र दुसऱ्या कशाने सुरू करतात ते मला माहीत नाही.

तुझा मेसेज पोचला. सात महिन्यांतला पहिला, म्हणून दोनदा वाचला. '८ फेब्रुवारीला दिपालीची हळद आहे. ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवणार आहे. माझं कॅबिनेट लागेल. ६ तारखेला निलेश टेम्पो घेऊन येईल, त्याच्याकडे दे. काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, फोनवर तू ओरडतेस.'

मी ओरडते हे खरं आहे. एकोणतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली. सर्किट तपासल्याशिवाय स्विच दाबू नका, हे पन्नास मुलांना हळू आवाजात सांगता येत नाही. कागदावर मी बरी असते असं बाबा म्हणतात. म्हणून तुझ्या गोव्याच्या पत्त्यावर हे स्पीड पोस्ट.

दिपाली म्हणजे तुझी नणंद, हेही बाबांनीच सांगितलं. त्यांना कसं माहीत ते विचारलं नाही.

कॅबिनेट तुझ्या खोलीत खिडकीखाली आहे. रोज पुसते. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. आतला स्पीकर बदलावा लागेल असं दिसतं. आपल्याकडची हवा तुला माहीत आहे, बंद खोलीत दमट होते. मागची फळी उघडून पाहिली. सोळा स्क्रू निघाले, ते एका डबीत ठेवलेत. मल्टिमीटर लावला तर काटा जागचा हलत नाही. मागच्या लेबलवर बारा इंच, आठ ओहम, साठ वॅट एवढं वाचता येतं. कंपनीचं नाव आहे, मॉडेलचा नंबर पुसला गेलाय.

काळजी करू नकोस, महिना आहे हातात. नंबर आठवत असेल तर कळव.

बाबा बरे आहेत. रविवारी मुलुंड मार्केटातून सुरमई आणली, चांगली निघाली.

आई


१३ जानेवारी

चि. रुचिका,

'दमट हवेने कॉइल तुटत नाही, आई. काय जोडलं होतं त्याला?' हा तुझा मेसेज मिळाला. बरोबर आहे. कुठल्याही विद्यार्थ्याला मीही हेच विचारलं असतं.

झालं ते असं. ऑक्टोबरात सोसायटीच्या गरब्याला मागच्या बाजूला आवाज पोचत नव्हता. आपली शर्मिष्ठा सांस्कृतिक समितीवर आहे. तिला तुझं कॅबिनेट आठवलं आणि ती मागायला वर आली. मी तेव्हा डोंबिवलीला मावशीकडे होते. बाबांना काही कळलं नाही, त्यांनी देऊन टाकलं. या लोकांनी ते अडीचशे वॅटच्या अॅम्प्लिफायरला जोडलं. साठ वॅटचा स्पीकर. तीन दिवस टिकला हेच विशेष. शर्मिष्ठा ते परत घेऊन आली तेव्हा म्हणाली, "थोडं बिघडलंय, मृणालिनीताई. पण तुमच्याकडे आता वाजवतंय कोण?"

असो. आता चांगली बातमी. शनिवारी मी स्वतः लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. पहिल्या दोन दुकानांत बारा इंची म्हटल्यावर गाडीच्या डिकीत बसवायचे स्पीकर दाखवले. तिसऱ्याने निदान विचारलं, "आंटी, कशासाठी पाहिजे?" म्हटलं, संगीतासाठी. ओहम आठच हवेत, वॅट जास्त चालतील, कमी नकोत. त्याने एक सुरेख स्पीकर काढला. मधोमध छोटा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजासाठी वेगळी सोय. "भजन, गाणं, भाषण, सगळं साफ वाजेल," म्हणाला. मला तो 'साफ' शब्दच आवडला. तुला मी किती वर्षं सांगत होते की तो घरघराट जरा साफ कर.

घरी आणून सोल्डरिंग मीच केलं. हात अजून स्थिर आहे. बोल्टची भोकंही जुळली. मग बाबांच्या जुन्या अॅम्प्लिफायरवरून मोबाइलमधलं एक नाट्यगीत लावलं. अगं, काय साफ! गायकाने मध्ये घोट गिळला तोही ऐकू आला. जुना स्पीकर टाकलेला नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय.

तू खूश होशील असं वाटतं.

आई


१९ जानेवारी

चि. रुचिका,

तुझा मेसेज मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'ट्वीटर??? आई!!! तो काढ आणि चंदरमामांना दाखव. कृणालचे मामा. वेसाव्याला स्पीकर दुरुस्त करतात. जुनाही ने.' पत्ता. मग खाली वेगळी ओळ: 'आणि बाबांनी दिलं नसणार. बाबा विचारल्याशिवाय टीव्हीचा रिमोटही देत नाहीत.'

ही शेवटची ओळ वाचताना मी थांबले, तोवर बाबांनी चष्मा काढला होता. म्हणाले, "मी दिलं असं लिहिलंस?"

मी डोंबिवलीला नव्हते. घरीच होते. शर्मिष्ठा दारात आली आणि आधी म्हणाली, "रुचिका नाही का गरब्याला? लग्न केलं म्हणतात ना?" मी म्हटलं, ती बाहेरगावी असते. तिने डोळे असे केले, जसे लोक करतात. मग तिने कॅबिनेटचं विचारलं आणि मी म्हटलं, जा घेऊन. एका बाजूने मीच धरलं, लिफ्टपर्यंत पोचवलं. खोलीतली ती जागा रिकामी दिसली तर बरं वाटेल असा माझा अंदाज होता. तेवढंही खरं नाही. तुझी एखादी वस्तू दुसऱ्यांनी वाटेल तशी वापरावी, असं त्या दिवशी मला वाटत होतं. आईला असं वाटतं का, हे मला विचारू नकोस. वाटलं.

आता वेसाव्याचं. मी तिथे कशी जाऊ, सांग. मे महिन्यात कृणाल आपल्या हॉलमध्ये बसलेला असताना मी काय म्हणाले ते तू विसरली नसशील. मीही विसरले नाही. 'मासळी बाजारातून आणायची असते, जावई नाही.' तो उठला नाही, सरबत संपवलं, ग्लास आत नेऊन ठेवला आणि मग गेला. तू त्याच्यामागून गेलीस, ती गेलीसच. त्याच्या मामासमोर मी स्पीकर घेऊन उभी राहू? मुलुंडमध्ये नाही का कोणी? ठाण्यात?

बाबा म्हणतात, "रिक्षा मी ठरवतो. शनिवारी सकाळी."

आई


२६ जानेवारी

चि. रुचिका,

जाऊन आले. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मधलं राहील.

रिक्षात कॅबिनेट मधे, मी एका कडेला, बाबा दुसऱ्या कडेला. यारी रोडपर्यंत ठीक होतं. पुढे गल्ल्या सुरू झाल्या. मी पर्समधून पत्ता शोधतेय तोवर बाबा रिक्षावाल्याला म्हणाले, "सरळ घ्या, देवळाकडून डावीकडे, बर्फाच्या कारखान्यासमोर थांबा." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, "गुगल." फोन त्यांच्या खिशात होता आणि खिशाचं बटण लावलेलं होतं.

चंदरभाऊंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला जाळी टांगलेली, दुसऱ्या भिंतीला फाटलेले स्पीकर. हळदीच्या मोसमात वेसाव्यातले निम्मे स्पीकर इथे येतात म्हणे. त्यांनी आपली फळी काढली, आत डोकावले आणि विचारलं, "हा मधे भोंगा कोणी बसवला?"

"मी."

"ताई, गिटारवर काय बातम्या वाचायच्यात?"

मी एकोणतीस वर्षं लॅबमध्ये होते हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला लवकर समजेल," आणि गिटार जोडून एकच तार छेडली. डब्यात माश्या कोंडल्यासारखा आवाज आला. मग सांगितलं, ते मी लॅबच्या वहीत लिहावं तसं लक्षात ठेवलंय. गिटारचा स्पीकर वरचे बारीक आवाज मुद्दाम खातो. तो साफ नसतो, नसायलाच पाहिजे. अॅम्प्लिफायर जो खरखरीत आवाज देतो त्यातलं टोचणारं तो गिळतो आणि उरलेलं बाहेर सोडतो. माझ्या ट्वीटरला गिळायचं माहीत नाही, तो सगळंच ओकतो. "हा हळदीत लावला तर नवरी उठून पळेल."

म्हणजे मी अकरा वर्षं तुला जे साफ कर म्हणत होते, ते केलं असतंस तर असं वाजलं असतं.

जुन्याची कॉइल बदलता येईल का विचारलं. ते तो घेऊन आत गेले, फोनवर कोणाशी तरी बोलले आणि येऊन म्हणाले, समोरचा थरथरणारा कागदही कडेला चिरलाय, आणि गिटारच्या स्पीकरचा कागद इथे मिळत नाही. दुसरा लावला तर वाजेल, "पण तो दुसराच कोणीतरी असेल." जुना त्यांनी ठेवून घेतला. नव्यांपैकी दोन सुचवले. एक त्याच कंपनीचा आत्ताचा, त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून येईल. दुसरा त्यांचा स्वतःचा, ते ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचे तेव्हाचा, तीस वर्षांचा. तो ते कोणाला देत नाहीत. सुनेसाठी देतो म्हणाले.

मी म्हटलं, "रुचिकाला विचारा, ती सांगेल कुठला."

"विचारलं. म्हणाली, आईला ठरवू दे."

रुचिका, हे तू रागाने म्हणालीस की कसं, ते मला कळलं नाही. त्यांनाही विचारवलं नाही.

एवढ्यात कृणालची आई, कमळताई आल्या. बाजार संपवून, हातात रिकामी पाटी. मी उभी राहिले. रिक्षात एक वाक्य तयार केलं होतं, ते गेलं. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, उभ्या कशाला? बसा ना." आणि लगेच बाबांकडे वळून, "काय भाऊ, त्या रविवारची सुरमई कशी होती?"

बाबांनी छताकडे पाहिलं.

"अगो बाय," कमळताई म्हणाल्या, "सांगितलं नाय वाटतं घरी."

तर दर दुसऱ्या रविवारी मी जी मुलुंड मार्केटची सुरमई खाते, ती मुलुंड मार्केटची नाही. आणि तुमच्या लग्नाचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. त्यात कृणालच्या शेजारी बाबा उभे आहेत, लाल टोपी घालून, कपाळभर हळद. त्या दिवशी ते मला ठाण्याला कोणाच्या तरी निरोपसमारंभाला जातो म्हणून सांगून गेले होते. शर्टावरचे पिवळे डाग मी स्वतः धुतले. म्हणाले होते, खिचडी सांडली.

बाबांवर ओरडायला मी तोंड उघडलं आणि आठवलं की मी त्यांच्या नावावर काय काय लिहिलं होतं. मिटलं.

मग मी कमळताईंना म्हटलं, "मी मे महिन्यात जे बोलले ते तुमच्या कानावर आलं असेल."

"आलं. पोरांनी नाय सांगितलं. भाऊंनीच सांगितलं, माफी मागायला आले तेव्हा."

"मी..."

"विहीणबाई, तुम्ही बरोबर बोललात. बाजारात जावई मिळत नाय. मिळाला असता तर दिपालीसाठी मी गाभोळीवाला, भरल्या पोटाचा बघून आणला नसता?"

चंदरभाऊ एवढे हसले की त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. मी हसले नाही. मला हसता आलं असतं तर बरं झालं असतं. हळदीला या, असं त्या निघताना म्हणाल्या. मी म्हटलं, रुचिकाने बोलावलं तर येईन. "तिचं ती बघेल," त्या म्हणाल्या. "मी माझं सांगितलं."

शुक्रवारी नवा स्पीकर येतोय. पुन्हा जायचंय, ठरवायला.

आई


१ फेब्रुवारी

चि. रुचिका,

ठरवला.

काल चंदरभाऊंनी दोन्ही तयार ठेवले होते. एक आपल्या कॅबिनेटमध्ये, दुसरा तेवढ्याच मापाच्या त्यांच्या खोक्यात. मला समोर खुर्ची दिली. आळीपाळीने दोन्हींवर तेच तेच वाजवलं. मी डोळे मिटून ऐकलं, उघडून ऐकलं. दोन्ही वेळा मला फक्त मोठा आवाज ऐकू आला. ते विचारत होते, "फरक कळतो?" मी म्हणत होते, "पुन्हा वाजवा." चौथ्यांदा पुन्हा म्हटल्यावर मला माझीच लाज वाटली. तुझ्या आईला तुझ्या वाद्याचा आवाज ओळखता येत नव्हता, आणि समोर तुझ्या सासरचा माणूस बसला होता.

मग लक्षात आलं की मी तुला समोर बसून कधी ऐकलंच नाही. तू वाजवायला लागलीस की मी तुझ्या खोलीचं दार लावायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. अकरा वर्षं मी तुला भिंतीपलीकडून ऐकलं.

म्हटलं, "चंदरभाऊ, मी बाहेर जाते. दार लावून घ्या आणि वाजवा. कुठला कुठला ते सांगू नका."

मागच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते, तिथे भिंतीला टेकून उभी राहिले. दोघीजणी बोंबील उलटत होत्या. एकीने विचारलं, "काय झालं, हाकललं काय?" म्हटलं, नाही, ऐकतेय. ती दुसरीला म्हणाली, "आत खुर्ची हाय ना?"

पहिला वाजला. गोड होता. कडा नसलेला, तूप सोडल्यासारखा. तुझ्या खोलीतून कधीतरी यावा म्हणून मी ज्याची वाट बघितली, तो हा. मी मनात ठरवूनही टाकलं.

मग दुसरा वाजला आणि मी आपल्या स्वयंपाकघरात उभी होते. तुझी अकरावी, कॅबिनेट नवं आलेलं. कोणी दारावर पळी आपटतंय असा तो आवाज, कुकर चढवलाय, शिट्टी झाली की नाही ते कळत नाही, आणि मी ओरडतेय, रुचिका, बंद कर ते! अगदी तो. मला तेव्हाही आवडला नव्हता. कालही आवडला नाही. पण तो कोणाचा आहे हे विचारायची गरज नव्हती.

आत गेले आणि म्हटलं, "दुसरा."

चंदरभाऊंनी गिटार मांडीवर ठेवली. "दुसरा नवा आहे, ताई. पहिला माझा. तो मागायला लोक ठाण्याहून येतात. नक्की दुसरा आवडला?"

"आवडला तुमचा."

"मग?"

"तिचा हा आहे."

त्यांनी गिटार भिंतीला टेकवली. मग म्हणाले की नवा स्पीकर असाच कडक असतो, कागद सैल व्हायला वर्षभर वाजवावा लागतो. तेव्हा मला अजून एक गोष्ट कळली. तुझ्या बारावीत तुझ्या गिटारचा आवाज मऊ झाला होता. मला वाटलं होतं, अखेर माझं ऐकलंस. मी मावशीला फोन करून सांगितलं होतं. तू काहीच ऐकलं नव्हतंस, कागद सैल झाला होता.

घाई असेल तर उपाय आहे म्हणाले. खालचा सूर बेताच्या आवाजात सोडून ठेवायचा, दिवसाचे सहा-सात तास. त्याने वर्षाचं काम होत नाही, पण कडा थोडी मरते. मी कॉलेजात फोन करून जुना ऑसिलेटर, म्हणजे एकच सूर धरून ठेवणारं यंत्र, मागून घेतलाय. चंदरभाऊंनी छोटा अॅम्प्लिफायर दिलाय. उद्यापासून सुरू करते.

तू चार तारखेला वेसाव्याला पोचशील असं बाबांकडून कळलं, म्हणून हे तिथल्याच पत्त्यावर. एक प्रश्न विचारते, सरळ. मी हळदीला येऊ का? आणि कृणालला माझे आशीर्वाद सांग. त्याला नको असतील तर सांगू नकोस.

आई


५ फेब्रुवारी

चि. रुचिका,

हे पत्र पोस्टाने नाही. उद्या निलेशच्या टेम्पोत बाबा कॅबिनेटबरोबर बसून येणार आहेत, त्यांच्या हाती देतेय. माझ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. ते देण्याआधी हे वाच.

चार दिवस आपलं घर घुमतंय. सकाळी दहा ते पाच. आधी चाळीस हर्ट्झचा सूर, मग पन्नास, मग साठ, मधे तासभर विश्रांती. कॉइल कोमट लागते, गरम नाही, दर अर्ध्या तासाने हात लावून बघते. फडताळातल्या बरण्या थरथरतात. मंगळवारी शर्मिष्ठा वर आली. "मृणालिनीताई, हा कसला आवाज? खालच्या मजल्यापर्यंत येतोय. फ्रिज बिघडला का?"

मी म्हटलं, "रुचिकाचा स्पीकर आहे. शनिवारी तिच्या नणंदेची हळद आहे वेसाव्याला, तिथे ती वाजवणार आहे."

"वेसाव्याला? म्हणजे..."

"कोळीवाड्यात. पाचला बंद होईल. उद्याही वाजेल."

ती गेली. मला बरं वाटलं. पण हे मी स्वतःचं कौतुक म्हणून लिहीत नाही, कारण जे लिहायचंय ते पुढे आहे आणि त्याच्यासाठी मी तीन कागद फाडलेत.

गरब्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातला, लहान मुलांची फेरी चालू होती. मी खाली खुर्चीवर बसले होते, कॅबिनेटपासून चार हातांवर. मला वास आला. तापलेल्या वार्निशचा. सगळ्या अंगणात तो वास ओळखणारी मी एकटी होते. लॅबमध्ये तो आला की मी आधी मेन स्विच पाडायचे आणि मग ओरडायचे. कॉइल जळायला लागली की सगळं वाचत नाही, पण लगेच बंद केलं तर पुष्कळ वाचतं. मला दोन पावलं टाकून एक वायर उपटायची होती.

मी बसून राहिले. वीस मिनिटं असतील. मुलं नाचत होती. मला तुझी आठवण येत होती आणि तुझा रागही येत होता, आणि समोर तुझी वस्तू जळत होती, आणि मी मांडीवर हात ठेवून बसले होते. मग आवाज गेला. शर्मिष्ठा म्हणाली, "अरे, काय झालं?" मी म्हटलं, "काय की."

दमट हवा खोटी होती, डोंबिवली खोटी होती, बाबांनी दिलं ते खोटं होतं. मी दिलं हे खरं होतं, पण तेही मी पुढे केलं ते हे मागे ठेवायला. बिघडवायला दिलं नव्हतं. बिघडताना थांबवलं नाही.

हे बाबांनाही माहीत नाही. वाचून झालं की त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

हे न सांगता मी वेसाव्याला आले असते, कमळताईंनी मला खुर्ची दिली असती, तू वाजवलं असतंस आणि मी आशीर्वाद दिले असते. मला तसं यायचं नव्हतं. आता तू नको म्हणालीस तर मी समजेन. बाबा येतीलच, त्यांना टोपी आहे.

स्पीकर नीट बसलाय. आठही बोल्ट सारखे आवळलेत, एकही जास्त नाही. आतल्या वायरी तपासल्या आहेत.

आई


वेसावे
६ फेब्रुवारी

आई,

बाबा जेवतायत. कमळआई त्यांना उठू देत नाहीत, तेवढ्यात लिहिते.

वीस मिनिटं नाही, जास्त असणार. चंदरमामांनी जुना स्पीकर उघडला तेव्हाच आतल्या खोलीतून मला फोन केला होता. म्हणाले, कॉइल एकदम उडालेली नाही, सावकाश करपलीय, आजूबाजूला माणसं असतील तर वास आला असणार. मी म्हटलं, माझी आई तिथे असेल तर तिला आलाच असणार, शेजारच्या बिल्डिंगमध्ये इस्त्रीखाली कपडा करपला तरी तिला वासावरून कळतं. म्हणून त्यांना सांगितलं की ठरवू दे तिला. रागानेच सांगितलं. तुला जमणार नाही असं वाटलं होतं. जमलं नसतं तर मला बरं वाटलं असतं, हेही तुझ्यासारखंच खरं सांगते.

त्यानंतरच्या दोन्ही पत्रांत मी तो वास शोधत होते. पहिल्यात सुरमई निघाली. दुसऱ्यात मी रडले. तरी वास नव्हता. आज आला.

राग गेलेला नाही. त्याला वेळ लागेल, आणि तू मधे मधे विचारू नकोस गेला का म्हणून. मे महिन्यातल्या वाक्याचं तू कृणालला स्वतः सांगायचंस, आशीर्वाद माझ्यामार्फत पाठवायचे नाहीत. तो म्हणतो, सरबत चांगलं होतं.

स्पीकर लावून बघितला. कडक आहे. चंदरमामांचा दिला असतास तर मी हळद वाजवली असती आणि सोमवारी त्यांना परत केला असता. हा ठेवते.

हळद सहाला आहे. पाहुण्यांबरोबर येऊ नकोस. साउंड चेक चारला आहे, स्टेजवर अडीच हजार वॅट आणि सतरा वायरी आहेत, आणि सर्किट तपासल्याशिवाय स्विच दाबायचा नाही हे इथे कोणालाही माहीत नाही. ये आणि ओरड.

साडी जुनी नेस. इथे विहीणबाईंना हळदीतून कोणी सोडत नाही.

रुचिका